हिराबाई बडोदेकर

हिराबाई बडोदेकर (जन्म : मिरज, मे १९०५, मृत्यू : २० नोव्हेंबर १९८९) या हिंदुस्तानी शास्त्रीय संगीतातील किराणा घराण्याच्या ख्यातनाम मराठी गायिका आणि संगीत रंगभूमीवरील अभिनेत्री होत्या. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, भजन आणि भावगीत हे सर्व प्रकार त्यांनी गायिले. तिकीट लावून जाहीर जलसे करणाऱ्या पहिल्या स्त्री-कलावंतांत त्यांची गणना होते. गाणाऱ्या स्त्रीकडे समाज संशयाने पाहत असे, त्या काळात त्यांनी स्त्रीच्या मैफलीला सार्वजनिक प्रतिष्ठा मिळवून दिली. किराणा घराण्याचे प्रवर्तक अब्दुल करीम खाँ हे त्यांचे वडील होते. गायक व हार्मोनियमवादक सुरेशबाबू माने हे त्यांचे थोरले बंधू, पहिले गुरू आणि साथीदार होते.

## कौटुंबिक पार्श्वभूमी

अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) हे मूळचे उत्तर प्रदेशातील कैराना गावचे. या गावाच्या नावावरूनच घराण्याला किराणा हे नाव पडले. तरुणपणी ते बडोदा संस्थानच्या दरबारात गायक म्हणून होते. गायकवाड राजघराण्याच्या नात्यातील सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई या तेथे त्यांच्याकडे गाणे शिकू लागल्या. पुढे दोघांनी विवाहाचा निर्णय घेतला. भिन्न धर्म आणि भिन्न सामाजिक दर्जा यांमुळे हा संबंध बडोद्यात मान्य होण्यासारखा नव्हता. त्यामुळे त्यांनी बडोदे सोडले आणि मुंबईत काही काळ राहून मिरजेत बिऱ्हाड केले.

मिरज हे तंतुवाद्ये घडवणाऱ्या कारागिरांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील तंबोरे व सतारी देशभरातील गवयांकडे जात असत. अशा गावात, अहोरात्र गाणे चालणाऱ्या घरात हिराबाईंचा जन्म झाला. त्यांचे जन्मनाव चंपाकली. घरात त्यांना चंपूताई म्हणत. ताराबाई व खाँसाहेब यांना पाच अपत्ये झाली. सुरेशबाबू (जन्मनाव अब्दुल रहमान), हिराबाई, कमलाबाई, कृष्णराव आणि सरस्वतीबाई (जन्मनाव सकीना) या नावांनी ती पुढे ओळखली गेली. सरस्वतीबाई पुढे सरस्वतीबाई राणे या नावाने गायिका व पार्श्वगायिका म्हणून प्रसिद्ध झाल्या.

१९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. विद्यार्थ्यांना घरच्या माणसांप्रमाणे सांभाळून गाणे शिकवण्याची तेथे पद्धत होती आणि विद्यालयाचा संसार ताराबाईच पाहत असत. हिराबाई किशोरवयात असताना आईवडील विभक्त झाले आणि पाचही मुले आईकडे राहिली. ताराबाईंनी त्यांना आपल्या माहेरचे माने हे आडनाव दिले. बडोदेकर हे हिराबाईंनी लावलेले नावही आईच्याच गावावरून आले आहे. म्हणजे गायकीचा वारसा वडिलांचा आणि नाव आईचे, अशी हिराबाईंची ओळख घडली.

## शिक्षण व तालीम

थोरले बंधू सुरेशबाबू यांची तालीम वडिलांच्या देखरेखीखाली लहानपणीच सुरू झाली होती. घरात कानांवर पडणाऱ्या या गाण्याचा संस्कार हिराबाईंवर झाला. पुढे त्यांना पद्धतशीर शिक्षण मिळाले ते वडिलांकडून नव्हे, तर सुरेशबाबूंकडून. भाऊ तीनच वर्षांनी मोठा होता. गुरू आणि शिष्या दोघेही अजून शिकण्याच्याच वयात होते.

त्यानंतर त्यांना उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची तालीम मिळाली. किराणा घराण्याच्या विलंबित ख्यालाला जे स्वरूप आले, त्यात वहीद खाँचा वाटा अब्दुल करीम खाँच्या बरोबरीचा मानला जातो. कमी ऐकू येत असल्याने त्यांना बहिरे वहीद खाँ असे म्हणत. रागातील एकेक स्वर घेऊन, त्याचे आजूबाजूच्या स्वरांशी असलेले नाते उलगडत, सावकाश पुढे जाणे ही त्यांच्या गायकीची खूण होती. सुरेशबाबूंनाही त्यांचे मार्गदर्शन लाभले. हिराबाईंच्या गाण्यातील संथ व क्रमवार बढतीचे मूळ या तालमीत सापडते. आवाजातील आर्जव आणि ठुमरीकडील ओढ मात्र वडिलांच्या गायकीशी नाते सांगते.

## मैफलींची सुरुवात

१९२१ साली पं. विष्णू दिगंबर पलुस्कर यांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या मुंबईतील संगीत परिषदेत हिराबाई गायिल्या. त्यांचे वय तेव्हा सोळा वर्षांच्या आसपास होते. पलुस्कर हे संगीताला सभ्य समाजात मानाचे स्थान मिळावे यासाठी झटणारे गायक होते. त्यांच्या व्यासपीठावर एका मुलीने शास्त्रोक्त गाणे सादर करणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

विसाव्या शतकाच्या आरंभी स्त्रीचे गाणे ऐकायचे म्हणजे ते बहुधा गायिकेच्या बैठकीत किंवा एखाद्या धनिकाच्या घरी ऐकायचे, अशी स्थिती होती. कोणी ऐकावे आणि काय ऐकावे, हे आश्रयदाता ठरवी. गायिकेने श्रोत्यांकडे पाहून हातवारे करीत भाव दाखवणे म्हणजेच अदाकारी करणे अपेक्षित असे. या गायिका कलेने मोठ्या असत. अनेक दुर्मिळ चिजा त्यांनीच जपल्या. तरीही घरंदाज म्हणवणारी कुटुंबे आपल्या बायकामुलींना अशा बैठकींना नेत नसत आणि मुलींना गाणे शिकवत नसत.

हिराबाईंचे जलसे या चौकटीबाहेरचे होते. ते नाट्यगृहात तिकीट लावून होत. तिकीट काढणारा कोणीही तेथे येऊ शकत असे आणि गायिकेला एका आश्रयदात्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागत नसे. दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, मांडी घालून, शांत मुद्रेने बसणे आणि हातवारे न करता केवळ स्वरांतून भाव पोहोचवणे हा हिराबाईंचा शिरस्ता होता. यातून मैफलीचे वातावरण पालटले. मध्यमवर्गीय कुटुंबे सहकुटुंब त्यांचे गाणे ऐकण्यास येऊ लागली. पुढील पिढीतील अनेक घरांत मुलीने गाणे शिकण्यास संमती मिळाली, तिला अशा मैफलींची पार्श्वभूमी होती.

या बदलाची दुसरी बाजूही अभ्यासकांनी नोंदवली आहे. प्रतिष्ठेची नवी कल्पना रूढ होत गेली तसतशी बैठकीच्या गाण्यातील अभिनयाची समृद्ध परंपरा मागे पडली आणि ती जपणाऱ्या गायिकांपैकी कित्येकींना नव्या व्यासपीठांवर जागा मिळाली नाही. हिराबाईंच्या कामगिरीचे मोल ठरवताना हा संदर्भही लक्षात घ्यावा लागतो.

## संगीत रंगभूमी

ताराबाईंनी नूतन संगीत विद्यालय ही संस्था काढली आणि १९२९ साली तिच्या नाट्यशाखेमार्फत संगीत नाटकांचे प्रयोग सुरू केले. त्या काळी व्यावसायिक संगीत रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका प्रामुख्याने पुरुषच करीत. बालगंधर्वांची लोकप्रियता तेव्हा मोठी होती आणि स्त्रीने रंगमंचावर, तेही पुरुष नटांसोबत उभे राहणे अनेकांना रुचत नव्हते. ताराबाईंच्या संस्थेत मात्र हिराबाई, कमलाबाई आणि सरस्वतीबाई या तिघी बहिणी रंगमंचावर आल्या. स्त्री-पुरुषांच्या मिश्र भूमिकांचा गाजलेला प्रयोग म्हणून नाट्यमन्वंतर संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाचे नाव घेतले जाते. ते नाटक १९३३ साली रंगभूमीवर आले, म्हणजे हिराबाईंच्या पदार्पणानंतर चार वर्षांनी.

अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘संगीत सौभद्र’ या नाटकात हिराबाईंनी सुभद्रेची भूमिका केली; सुरेशबाबू अर्जुन झाले. ‘मृच्छकटिक’, ‘संशयकल्लोळ’, ‘विद्याहरण’, ‘एकच प्याला’ इत्यादी नाटकांतूनही हिराबाईंनी कामे केली. अभिनयापेक्षा गाणे हेच त्यांचे बलस्थान होते. तरी नाट्यपदे त्यांनी मैफलीच्या विस्ताराने न गाता पदाचा आशय सांभाळून गायिली. स्त्रीभूमिकेतील पद स्त्रीच्या स्वाभाविक आवाजात ऐकण्याची संधी प्रेक्षकांना मिळाली, हे या प्रयोगांचे वेगळेपण होते.

संस्था चालवणे मात्र खर्चाचे काम होते. पडदे, पोशाख, वादक, नट यांचे पगार आणि दौऱ्यांचा खर्च तिकिटांच्या उत्पन्नातूनच भागवावा लागे. त्यातच १९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा प्रभातचा मराठी बोलपट पडद्यावर आला. गाणे व संवाद स्वस्तात ऐकवणाऱ्या या नव्या माध्यमाकडे नाटकाचा प्रेक्षक वळला आणि मोठमोठ्या नाटक मंडळ्या डबघाईला आल्या. ताराबाईंच्या संस्थेवरही कर्ज झाले व १९३३च्या सुमारास तिचे प्रयोग थांबले.

या कर्जाच्या फेडीचा भार मुख्यतः हिराबाईंवर पडला. गावोगाव मैफली करून त्यांनी तो उतरवला. घरातील कर्त्या पुरुषाकडून समाज जी अपेक्षा करतो, ती जबाबदारी येथे एका गायिकेने आपल्या विद्येच्या बळावर पार पाडली. सततच्या प्रवासाची आणि मैफलींची ही वर्षे त्यांच्या कीर्तीच्या प्रसाराचीही वर्षे ठरली.

## सुरेशबाबू माने आणि साथसंगत

हिराबाईंच्या कारकिर्दीचा विचार सुरेशबाबूंना वगळून करता येत नाही. सुरेशबाबू (१९०२–१९५३) हे स्वतः श्रेष्ठ दर्जाचे ख्यालगायक व ठुमरीगायक होते. हार्मोनियम आणि तबला या दोन्ही वाद्यांवर त्यांचे प्रभुत्व होते. हिराबाईंच्या मैफलींत ते हार्मोनियमच्या साथीला बसत. जिला आपण शिकवले तिच्याच मागे बसून साथ करण्याचा हा प्रसंग गायनाच्या व्यवसायात विरळा होय.

शास्त्रीय मैफलीत हार्मोनियमच्या साथीदाराचे काम नाजूक असते. गायक काय गाणार हे आधी ठरलेले नसते. गायकाने घेतलेला स्वरसमूह कानांवर पडताच साथीदाराला तो क्षणार्धात बोटांतून काढावा लागतो. गायक श्वास घेण्यासाठी थांबला तर ती जागा स्वरांनी भरायची, पण आपले वादन पुढे दामटायचे नाही, हा साथीचा नियम आहे. गायकाच्या आधी स्वर दाखवला तर त्याच्या कल्पनेवर अतिक्रमण होते आणि फार मागे राहिले तर गाण्याचा ओघ तुटतो. विलंबित लयीत, जेथे एका स्वरावर बराच काळ थांबायचे असते तेथे, हे पथ्य अधिकच कठीण होते. ज्या साथीदाराला गायकाची तालीम आतून माहीत असते, त्याला पुढचे वळण ओळखता येते. सुरेशबाबूंनी तर ती तालीम स्वतःच दिली होती.

किराणा घराण्याच्या दृष्टीने हार्मोनियमची एक मूलभूत अडचणही होती. या वाद्याचे स्वर कारखान्यात जुळवलेले व स्थिर असतात. सप्तकाचे बारा समान भाग करून ते बसवलेले असल्यामुळे श्रुतींचे सूक्ष्म भेद त्यांतून निघत नाहीत. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींडही पेटीवर येत नाही. किराणा गायकीचा सारा भर तर स्वर त्याच्या नेमक्या स्थानी लागण्यावर आणि मींडेवर असतो. अब्दुल करीम खाँ यांनी कृष्णाजी बल्लाळ देवल व इ. क्लेमंट्स यांच्या श्रुतिसंशोधनात साहाय्य केले होते; श्रुतींनुसार स्वर जुळवलेली हार्मोनियम तयार करण्याचा खटाटोपही त्याच संशोधनातून झाला. वडील ज्या प्रश्नाशी झगडले, तो प्रश्न मुलांच्या मैफलींतही होताच. चांगला साथीदार त्यावर कौशल्याने मात करतो. जेथे पेटीचा स्वर गळ्याच्या स्वराशी जुळणार नाही तेथे तो हळुवार वाजवतो किंवा क्षणभर थांबतो आणि गायकाचा स्वर तंबोऱ्याच्या साथीवर उभा राहू देतो.

१९४० साली ऑल इंडिया रेडिओने आपल्या कार्यक्रमांतून हार्मोनियमला बंदी केली. हे वाद्य परदेशी असून भारतीय संगीताला अनुरूप नाही, असा आक्षेप त्यामागे होता. ही बंदी सुमारे तीन दशके टिकली. त्या काळात नभोवाणीवरील गायकांना सारंगीसारख्या वाद्यांच्या साथीवर गावे लागे. जाहीर मैफलींत मात्र पेटीचे स्थान कायम राहिले. आजही गायक आपली पट्टी काळी एक, पांढरी पाच अशी हार्मोनियमच्या पट्ट्यांवरूनच सांगतात, यावरून ती किती रुजली आहे हे दिसते.

सुरेशबाबूंचे स्वतःचे नाव त्यांच्या योग्यतेच्या मानाने मर्यादितच राहिले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका थोड्या आहेत आणि सामान्य रसिकांना ते हिराबाईंचे बंधू म्हणूनच अधिक परिचित आहेत. जाणकारांत मात्र त्यांचे स्थान गायकांचा गायक असे होते. हिराबाई व सरस्वतीबाई यांच्याखेरीज माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे आणि प्रभा अत्रे यांना त्यांचे मार्गदर्शन मिळाले. ही नावे पाहिली की मराठी संगीतावरील त्यांच्या प्रभावाची व्याप्ती ध्यानात येते. १५ फेब्रुवारी १९५३ रोजी, वयाच्या पन्नाशीतच त्यांचे निधन झाले.

## गायनशैली

हिराबाईंचा आवाज बारीक, मधुर, टोकदार आणि वरच्या सप्तकात सहज फिरणारा होता. स्वर लावताना त्यात कोठेही जोर जाणवत नसे. विलंबित एकतालासारख्या संथ ठेक्यात रागाचा स्वर-स्वराने विस्तार करणे, आकाराला प्राधान्य देणे आणि मींडेने स्वर जोडणे ही किराणा घराण्याची वैशिष्ट्ये त्यांच्या गायकीत स्पष्ट दिसतात. लयीच्या गुंतागुंतीपेक्षा स्वराच्या ओलाव्याकडे त्यांचा कल होता. त्यांची तान पल्लेदार आणि दाणेदार असली तरी ती आक्रमक वाटत नसे.

त्यांच्या समकालीन गायिकांमध्ये केसरबाई केरकर (१८९२–१९७७) आणि मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) या जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका अग्रगण्य होत्या. त्या घराण्यात लयीच्या अंगाने जाणारी, वक्र व पेचदार स्वरवाक्ये आणि अनवट राग यांना महत्त्व असते. हिराबाईंनी बहुधा प्रचलित राग निवडले आणि त्यांतील गोडवा खुलवला. त्यामुळे रागशास्त्र न जाणणाऱ्या श्रोत्यालाही त्यांचे गाणे आपलेसे वाटे. काही समीक्षकांना ही गायकी फार सौम्य वाटली, तर अनेकांना याच सौम्यतेत तिचे सामर्थ्य दिसले.

ठुमरी गाताना त्यांनी पूरबच्या बोलबनावाचे अनुकरण न करता वडिलांच्या पद्धतीप्रमाणे स्वरांतून कारुण्य व्यक्त करण्यावर भर दिला. मैफलीत विलंबित व द्रुत ख्याल, मग ठुमरी, नाट्यपद, भजन अशा क्रमाने त्या गात. शास्त्रीय आणि सुगम यांच्यातील अंतर त्यांनी कमी केले. मात्र भजन गाताना ख्यालाची तानबाजी त्यांनी त्यात आणली नाही.

## ध्वनिमुद्रिका व चित्रपट

ग्रामोफोनच्या प्रसाराच्या काळात हिराबाईंच्या अनेक ध्वनिमुद्रिका निघाल्या. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. तासभर रंगणारा ख्याल या मर्यादेत बसवताना स्थायी-अंतरा, थोडे आलाप आणि काही ताना एवढ्यातच रागाचे चित्र उभे करावे लागे. हिराबाईंनी हे तंत्र चांगले साधले होते. भजने, नाट्यपदे आणि भावगीते यांच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका महाराष्ट्रात घरोघरी पोहोचल्या. ‘उपवनी गात कोकिळा’ हे त्यांचे भावगीत विशेष लोकप्रिय झाले. मात्र ज्या विलंबित बढतीसाठी त्या प्रसिद्ध होत्या, तिची कल्पना या छोट्या मुद्रिकांवरून येत नाही. त्यासाठी त्यांच्या उत्तरकाळातील दीर्घ ध्वनिमुद्रणांकडे वळावे लागते.

‘सुवर्णमंदिर’, ‘प्रतिभा’ (१९३७), ‘जनाबाई’ आणि ‘म्युनिसिपालिटी’ या चित्रपटांतून त्यांनी कामे केली. यांपैकी ‘प्रतिभा’चे दिग्दर्शन बाबूराव पेंटर यांचे होते. चित्रपट हे त्यांच्या आयुष्यातील दुय्यम क्षेत्र राहिले; मैफल हेच त्यांचे खरे कार्यक्षेत्र होते. धाकट्या भगिनी सरस्वतीबाई राणे यांनी मात्र पार्श्वगायनात नाव मिळवले. १९४३ सालच्या ‘रामराज्य’ या चित्रपटातील त्यांचे गाणे देशभर गाजले.

## उत्तरकाल

चौथ्या दशकापासून हिराबाईंना महाराष्ट्राबाहेरील संगीत परिषदांची निमंत्रणे येऊ लागली आणि उत्तर भारत व बंगालमधील श्रोत्यांतही त्यांचा लौकिक पसरला. सरोजिनी नायडू यांनी त्यांचा गानकोकिळा म्हणून गौरव केला. स्वातंत्र्यानंतर भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळातून त्या चीनला गेल्या. पूर्व आफ्रिकेतही त्यांच्या मैफली झाल्या.

वडिलांचे निधन २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेच्या दौऱ्यात, प्रवासात असताना झाले. त्यांचे दफन मिरजेत करण्यात आले. तेथील ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीतसभा होते. आईवडिलांच्या ताटातुटीनंतर मुलांचे शिक्षण व व्यवसाय वडिलांपासून दूर घडले, तरी गायकीच्या बाबतीत ही भावंडे किराणा घराण्याचीच राहिली आणि महाराष्ट्रात त्या घराण्याचा विस्तार होण्यास कारणीभूत झाली.

१९५३ साली सुरेशबाबूंच्या निधनाने हिराबाईंचा पहिला गुरू आणि निकटचा साथीदार हरपला. सुरेशबाबूंकडे शिकत असलेल्या प्रभा अत्रे यांचे पुढील शिक्षण हिराबाईंनी केले. त्या हिराबाईंबरोबर दौऱ्यावर जात आणि मैफलींत तंबोऱ्याची व स्वरसाथ करीत. अशा प्रकारे एका भावाने आरंभलेली तालीम बहिणीने पुढे नेली. पुढे हिराबाई व सरस्वतीबाई यांनी एकत्र गायनाचे कार्यक्रम केले. शास्त्रीय संगीतात दोन स्त्रियांच्या जुगलबंदीचा हा आरंभीचा व महत्त्वाचा प्रयोग मानला जातो.

## शिष्यपरंपरा

सरस्वतीबाई राणे, माणिक वर्मा, जानकी अय्यर आणि प्रभा अत्रे (१९३२–२०२४) यांना हिराबाईंचे मार्गदर्शन लाभले. यांपैकी प्रभा अत्रे यांनी गायन, बंदिशरचना आणि संगीतविषयक लेखन या तिन्ही अंगांनी कार्य केले. त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. हिराबाईंची शिकवण मुख्यतः समोरासमोर गाऊन घेण्याची होती. गुरूने गावे, शिष्याने ऐकून तसेच म्हणावे आणि पुरेसे रुजल्यावर स्वतःचा विस्तार करावा, ही पारंपरिक पद्धत त्यांनी पाळली.

## पुरस्कार व सन्मान

* संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९६५)
* पद्मभूषण (१९७०)

## महत्त्व

हिराबाईंच्या आधीही मोठ्या गायिका होऊन गेल्या आणि त्यांच्या काळातही त्यांच्या तोडीच्या गायिका होत्या. हिराबाईंचे वेगळेपण असे, की त्यांनी गाणाऱ्या स्त्रीचे श्रोत्यांशी असलेले नाते बदलले. खाजगी बैठकीतील गाणे त्यांनी जाहीर सभागृहात आणले, रंगमंचावर स्त्रीची भूमिका स्त्री म्हणून केली, कुटुंबाचे कर्ज स्वतःच्या मैफलींतून फेडले आणि हे करताना गायकीची शिस्त सैल होऊ दिली नाही. आज मुलीने गाणे शिकावे, व्यासपीठावर गावे आणि त्यावर उपजीविका करावी, यात कोणाला वावगे वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी ही गोष्ट गृहीत धरता येत नव्हती.

त्यांची कारकीर्द एकटीची मात्र नव्हती. पाच मुलांना घेऊन स्वतंत्र उभी राहिलेली, संस्था काढून त्यांना रंगभूमीवर आणणारी आई आणि शिकवून झाल्यावर पेटी घेऊन मागे बसणारा भाऊ हे दोघेही तिचा भाग आहेत. ताराबाई व सुरेशबाबू यांची नावे आज हिराबाईंच्या चरित्राच्या ओघातच प्रामुख्याने वाचायला मिळतात. साथीला बसणाऱ्यांचे श्रम बहुधा असेच गाणाऱ्याच्या नावावर जमा होतात. किराणा घराण्याच्या महाराष्ट्रातील इतिहासात या तिघांच्या कार्याची नोंद एकत्र घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.